आजोबांची नजर खाली का वळत नव्हती?

प्रश्न : आम्ही उदगीरचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगी अकरावी सायन्सला, पीसीएमबी. दोन वर्षांपूर्वी माझे सासरे सारखे पडू लागले, तेही पाठीमागे. जिना उतरताना पायरी चुकायची, जेवताना हात ताटाबाहेर जायचा. आम्ही चष्मा दोनदा बदलला, मोतीबिंदूचं ऑपरेशनही करून घेतलं. फरक पडला नाही. शेवटी हैदराबादच्या एका न्यूरॉलॉजिस्टनी त्यांच्यासमोर नुसतं बोट वर-खाली फिरवलं, मग दोन्ही हातांनी डोकं धरून मागे झुकवलं आणि 'पीएसपी' नावाचा मेंदूचा आजार वाटतोय, असं सांगितलं. एमआरआय त्यानंतर झाला. मुलगी तेव्हा खोलीत होती. तेव्हापासून तिचं एकच चाललंय : 'डोळ्यांच्या हालचालींवरून मेंदूचे आजार कसे कळतात, यावर मला संशोधन करायचंय.' दीर म्हणतात, डोळ्यांची डॉक्टर हो. हिचे बाबा म्हणतात, संशोधनात पैसा नाही, आधी नीट काढ. क्लासचे सर म्हणतात, गणित सोड, वेळ वाचेल. असा विषय खरंच असतो का? त्याला स्कोप आहे का? आणि गणिताचं काय करायचं? कृपया नाव छापू नये.

उत्तर : ताई, तुमच्या मुलीनं हा विषय करिअरच्या कुठल्या यादीतून उचललेला नाही, हे मला फार आवडलं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना कॉलेजांची नावं, कटऑफ, पॅकेज सगळं तोंडपाठ असतं. प्रश्न तेवढा नसतो. हिच्याकडे प्रश्न आहे. म्हणून आधी तो नीट समजून घेऊ, 'नीट'कडे नंतर वळू.

डॉक्टरांनी आजोबांचं डोकं मागे झुकवलं तेव्हा काय झालं असणार, ते सांगते. 'बोटाबरोबर खाली बघा' म्हटलं की आजोबांची नजर अडत होती. पण डोकं मागे झुकवल्यावर तेच डोळे आपोआप खाली सरकले असणार. आपण मान हलवली तरी समोरचं दृश्य हलू नये म्हणून डोळे मानेच्या उलट दिशेला फिरतात. ही सोय कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेशी जोडलेली असते आणि तिला आपल्या इच्छेची गरज लागत नाही. म्हणजे डोळे फिरवणारे स्नायू शाबूत, स्नायूंपर्यंत जाणाऱ्या नसाही शाबूत. बिघाड आहे तो 'खाली बघ' हा हुकूम जिथून सुटतो तिथे. मग चष्मा बदलून काय होणार? पण त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. या आजारात पुष्कळ घरांत आधी चष्माच बदलला जातो. पीएसपी म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. त्यातल्या 'सुप्रान्यूक्लिअर' शब्दाचा अर्थ एवढाच, की दोष डोळ्यांच्या नसा जिथून निघतात त्या केंद्रांच्या वरच्या बाजूला आहे. टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या तीन डॉक्टरांनी १९६४ साली हा आजार पार्किन्सनपासून वेगळा काढून दाखवला.

असा विषय असतो का, याचं उत्तर मिळालंच. तो शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतल्या ॲलन डीफेनडॉर्फ या मनोविकारतज्ज्ञानं आणि रेमंड डॉज या मानसशास्त्रज्ञानं मनोरुग्णांच्या डोळ्यांच्या हालचालींचे फोटो-आलेख १९०८ मध्येच छापले होते. पण तुमच्या मुलीसाठी मला सांगावीशी वाटते ती गोष्ट मुंबईची आहे.

डॉ. नोशिर वाडिया, जन्म १९२५. इंग्लंडमध्ये न्यूरॉलॉजी शिकून आले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुजू झाले. तिथं त्यांना काही रुग्ण दिसले. चालताना झोक जायचा, बोलणं अडखळायचं, घास तोंडाशी नेताना हात थरथरायचा. लहान मेंदू झिजण्याचे असे आजार पुस्तकांत होतेच. वाडियांच्या नजरेला खटकलं ते वेगळंच. या माणसांना 'इकडे बघा, आता तिकडे बघा' म्हटलं, की त्यांचे डोळे जायचे खरे, पण रांगत जायचे.

तुमची-माझी नजर अशी रांगत नाही, ती उडी मारते. या उडीला सॅकेड म्हणतात. मोठ्या उडीचा वेग सेकंदाला ५०० अंशांपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जातो, आणि जागेपणी आपण सेकंदाला दोन-तीन उड्या मारत असतो. हे वाक्य वाचतानासुद्धा तुमची नजर ओळीवरून सरकत नाहीये. टुणटुण उड्या मारत, मध्ये थांबत चालली आहे. उडीचा धक्का देणाऱ्या पेशींचे छोटे पुंजके मेंदूच्या देठात असतात : आडव्या उडीचे एका ठिकाणी, उभ्या उडीचे त्याच्या वर दुसऱ्या ठिकाणी. म्हणून कुठली उडी बिघडली यावरून आत कुठे बिघडलं याचा माग लागतो. आजोबांची उभी नजर आधी गेली, ते यामुळे.

वाडियांनी आणि त्यांचे सहकारी आर. के. स्वामी यांनी अशी नऊ कुटुंबं अभ्यासली आणि १९७१ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात लिहिलं, की हा आनुवंशिक आजाराचा नवा प्रकार आहे आणि मंद नजर ही त्याची खूण आहे. मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये एका रुग्णावर झाला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे वाडियांपाशी कवटीच्या आत डोकावणारं असलं यंत्र नव्हतंच. त्यांच्यापाशी होती ती रुग्णाची नजर आणि त्याच्या घराण्याची वंशावळ.

पुढे १९९६ मध्ये या आजाराचं जनुक सापडलं. बाराव्या गुणसूत्रावर सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं बहुतेक माणसांत साधारण २२ वेळा लागोपाठ येतात. ती वाढून तेहतीस किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार होतो. आता त्याला एससीए-२ म्हणतात, म्हणजे स्पायनोसेरिबेलर ॲटॅक्सियाचा दुसरा प्रकार. आणि १९९८ मध्ये, म्हणजे पहिल्या लेखानंतर सत्तावीस वर्षांनी, सत्तरी ओलांडलेले वाडिया सहा भारतीय कुटुंबांचा जनुकीय अभ्यास घेऊन पुन्हा 'ब्रेन'मध्येच आले. मुद्दा तोच : या आजाराच्या निदानात मंद नजरेचं महत्त्व काय. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला, २०१६ मध्ये ते गेले.

ही गोष्ट मी लांबवली, कारण तुमच्या घरात 'आधी डॉक्टर, मग संशोधन' अशी दोन वेगळी खाती मांडलेली दिसतात. वाडियांचं संशोधन रोजच्या रुग्णांमधूनच निघालं. संशोधक न्यूरॉलॉजिस्ट हा मुळात रुग्ण बघणारा डॉक्टरच असतो, पगार किंवा फी त्याचीच मिळते, आणि त्या रुग्णांतून त्याला प्रश्न सापडतात. तेव्हा हिच्या बाबांची पैशाची चिंता निम्मी तरी कमी व्हावी. उरलेली निम्मी मात्र खरी आहे. जो डॉक्टर आठवड्याचे दोन दिवस आलेख आणि नोंदी यांत घालवेल, तो पूर्णवेळ प्रॅक्टिस करणाऱ्या मित्राएवढं कमावणार नाही. हे तिला आत्ताच सांगा, तिशीत कळण्यापेक्षा बरं.

दुसरी एक गोष्टही तिनं ऐकायला हवी. त्या नऊ कुटुंबांतल्या कुणाचा आजार डॉक्टरांना थांबवता आला नाही. एससीए-२ थांबवणारं औषध आजही नाही, आजोबांच्या आजारावरही नाही. न्यूरॉलॉजीत सगळंच असं नसतं. फिट्स, अर्धशिशी, वेळेत आलेला पक्षाघात यांत माणसं चांगली सुधारतात. पण नजरेवरून ओळखू येणाऱ्या आजारांत 'ओळखलं, पण बरं करता येत नाही' हा प्रसंग वारंवार येतो. काही मुलांना ते झेपत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता त्याच विषयातला दुसरा माणूस. डेव्हिड रॉबिन्सन, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला, शिक्षणानं इलेक्ट्रिकल इंजिनिअर. डोळा नेमका किती आणि किती वेगानं फिरतो, हे मोजण्याची त्यानं १९६३ मध्ये एक युक्ती काढली. डोळ्यावर घट्ट बसणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्समध्ये तारेचं बारीक वेटोळं बसवायचं आणि माणसाला बदलत्या चुंबकीय क्षेत्रात बसवायचं. डोळा वळेल तसा तारेतला विद्युतदाब बदलतो. बारावीच्या फिजिक्समधलाच फॅरडेचा नियम. या वेटोळ्यामुळे नजरेच्या उडीचे पहिल्यांदाच इतके काटेकोर आलेख मिळाले. त्याच्या पुढच्या वर्षी रॉबिन्सननं दाखवलं, की डोळा खोबणीत जणू घट्ट मधात बसलेला असतो; त्याला हलवायला मेंदूला आधी एक जोरदार धक्का द्यावा लागतो आणि मग तिथंच धरून ठेवायला सततचा ताण.

तिथंच डेव्हिड झी हे न्यूरॉलॉजिस्ट होते. झी, रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मंद नजरेच्या रुग्णांवरचा अभ्यास छापला. उडी निघालेली असताना त्यांनी मध्येच लक्ष्य हलवलं. निरोगी माणसाची उडी इतकी झटकन संपते, की बाण सुटला तो सुटला, असंच मानलं जायचं. या रुग्णांची नजर वाटेतच वळली. म्हणजे मेंदू बाण सोडून मोकळा होत नाही, शेवटपर्यंत लगाम हातात ठेवतो. मुंबईत वाडियांना खटकलेली तीच रांगणारी नजर इंजिनिअरच्या हाती आली, आणि निरोगी मेंदूबद्दल काहीतरी नवं सांगून गेली.

म्हणून 'डोळ्यांची डॉक्टर की मेंदूची' यापेक्षा मी तिला वेगळं विचारेन. त्या दिवशी हैदराबादला तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं? 'आजोबांना काय झालंय?' हे, की 'हे मोजता येईल का?' हे? घाईनं उत्तर देऊ नको म्हणावं. पहिलं असेल तर वाट मेडिकलची. दुसरं असेल तर इंजिनिअरिंगची किंवा मूलभूत विज्ञानाची. तुमच्या भागात लातूर पॅटर्नच्या दबदब्यामुळे हुशार मुलीला पहिलीच वाट दाखवतात; दुसऱ्या वाटेनंही माणूस त्याच खोलीत पोचतो, हे कुणी सांगत नाही.

मेडिकलचा हिशेब असा. नीट, साडेपाच वर्षं एमबीबीएस इंटर्नशिपसह, मग नीट-पीजी देऊन तीन वर्षं एमडी मेडिसिन (किंवा बालरोग), मग सुपरस्पेशालिटीची परीक्षा आणि तीन वर्षं डीएम न्यूरॉलॉजी. कुठेही न अडखळता साडेअकरा वर्षं; सरकारी सेवेचा बॉण्ड आणि परीक्षांचे पुन्हा दिलेले प्रयत्न धरले तर तेरा-चौदा. लांब आहे, पण मधल्या प्रत्येक टप्प्यावर ती डॉक्टर असेलच, आणि एमडीपासून विद्यावेतनही चांगलं मिळतं. एमबीबीएस करतानाच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती असते, एसटीएस म्हणतात तिला. संशोधन आवडतं की संशोधनाची कल्पना आवडते, हे तिथं स्वस्तात कळतं.

दिरांचा सल्लाही अगदीच चुकीचा नाही. नेत्ररोगात एमएस करून पुढे न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजीची, म्हणजे डोळा आणि मेंदू यांच्या जोडविषयाची, फेलोशिप करता येते. चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद या संस्थांत असे विभाग आहेत. मात्र तिथला बराच वेळ डोळ्यामागची मुख्य नस, तिच्यावरची सूज, दोन-दोन दिसणं यात जातो. आजोबांसारखे रुग्ण शेवटी मेंदूच्याच डॉक्टरकडे येतात.

दुसऱ्या वाटेवर इंजिनिअरिंग करून बायोमेडिकलकडे वळता येतं, किंवा आयसर पुण्यासारख्या विज्ञान संस्थेतून पाच वर्षांचं बीएस-एमएस करून न्यूरोसायन्समध्ये पीएच.डी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या न्यूरोसायन्स केंद्रात नजरेच्या उड्यांवरच काम चालतं. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. आणि दोन्ही वाटा मधूनही मिळतात : एमबीबीएस झालेल्यांसाठी आयआयटी खरगपूरला वैद्यकीय विज्ञान आणि तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. ऑप्टोमेट्री (दृष्टी तपासणं) आणि ऑडिओलॉजी (ऐकणं आणि कानाचा तोल तपासणं) हे पदवी अभ्यासक्रमही आहेत. चक्कर येणाऱ्या रुग्णांच्या डोळ्यांच्या हालचाली कॅमेऱ्याच्या गॉगलनं टिपण्याची चाचणी बऱ्याच ठिकाणी ऑडिओलॉजिस्टच करतात. प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात, ते त्या-त्या वर्षीच बघा.

यावरून गणिताचं उत्तर निघतंच. सोडू नका. सरांचा हेतू चांगला आहे, त्यांना नीटचे गुण दिसतात. पण नजरेचा आलेख म्हणजे वेग, त्वरण, उतार, म्हणजे तुमच्या मुलीचं अकरावी-बारावीचं कॅल्क्युलसच. डॉक्टर झाली तरी लागेल. फक्त जेईई ॲडव्हान्सचा वेगळा क्लास लावून दोन दगडांवर पाय ठेवू नका. बोर्ड आणि सीईटीपुरतं गणित पक्कं असलं की दार उघडं राहतं. बारावीच्या दिवाळीपर्यंत तिचा कल कळेल.

स्कोप हा शब्द मला फारसा आवडत नाही, पण तुम्ही विचारलंय. एक उदाहरण देते. गरगरतंय, उलट्या होतायत म्हणून माणूस कॅज्युअल्टीत येतो. कानातला बिघाड आहे की मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात? २००९ मध्ये अमेरिकेत कट्टाह, न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी अशा १०१ रुग्णांवर डोळ्यांच्या तीन साध्या तपासण्या केल्या : मान झटक्यात वळवून नजर टिकते का, बुबुळं कुठल्या दिशेला थरथरतात, आणि दोन डोळे एका पातळीत आहेत का. सुरुवातीच्या एमआरआयनं काही पक्षाघात हुकवले, या तीन तपासण्यांनी एकही हुकवला नाही. अर्थात तपासणारा कसलेला होता. कुणीही उठून केलं तर हा निकाल येणार नाही. पण जिथं रात्री दोन वाजता एमआरआय मिळत नाही अशा तालुक्याच्या गावात हे कौशल्य असलेल्या डॉक्टरची किंमत किती, ते तुम्हीच सांगा. दुसरं उदाहरण क्यूबातलं. तिथल्या होल्गीन प्रांतात एससीए-२चे रुग्ण जगात सर्वांत दाट आहेत. तिथल्या डॉक्टरांना आढळलं, की सीएजीची लांबी जितकी जास्त तितकी नजरेची उडी मंद, आणि हा मंदपणा चालीत दोष दिसायच्या आधीच सुरू होतो. उद्या औषध आलं, तर ते लागू पडतंय का हे बघायला नजरेचा वेग हे एक माप हाताशी असेल.

याच विषयाच्या नावावर बाजारही भरलाय, तेही सांगून ठेवते. 'मोबाइलच्या कॅमेऱ्यानं अल्झायमर ओळखा', 'डोळ्यांच्या व्यायामानं मुलांचं वाचन सुधारा' असलं काही दिसलं तर सावध. अल्झायमरमध्ये नजरेच्या काही चाचण्यांत चुका वाढतात हे खरं, पण त्या नुसत्या वयानंही वाढतात. अकरावीतल्या मुलीला 'न्यूरो'चं ऑनलाइन सर्टिफिकेट विकणाऱ्यांना तर एक रुपयाही देऊ नका.

आता दोन शब्द मुलीशी. आरशासमोर उभी राहा आणि आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या डोळ्याकडे बघ. डोळे हलताना दिसतायत का? दिसणार नाहीत. शेजारी आईला उभी कर, तिला स्वच्छ दिसतील. मग हातातलं पुस्तक भराभर डावीकडे-उजवीकडे हलवून वाचून बघ, आणि नंतर पुस्तक स्थिर ठेवून मान तितक्याच वेगानं हलवून वाच. एकदा अक्षरं पुसट होतील, एकदा होणार नाहीत. का, ते स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिही आणि हवं तर मला पाठव. गुगलवरून उतरवलंस तर मला कळेल. आणि हे प्रयोग स्वतःवर, भावंडांवर कर, आजोबांवर नको. त्यांना दिवसातून चार वेळा 'खाली बघा' म्हणू नकोस. त्यांना जे येत नाही ते त्यांना ठाऊक आहे.

आणि ताई, पत्रात ओझरतं आलेलं ते ताट. आजोबांची नजर खाली उतरत नाही, तर ताट वर आणता येईल. टेबलावर छोटा पाट किंवा डबा ठेवून त्यावर ताट ठेवा, छातीच्या आसपास येईल इतकं. भाजीची वाटी आणि पाण्याचा पेला ताटाच्या पलीकडे, समोर दिसेल असा. जिन्यावर एकट्यानं सोडू नका. पुढच्या भेटीत त्यांच्या डॉक्टरांना गिळताना ठसका लागतो का हेही सांगा, या आजारात ते बघावं लागतं.